नागपूर ते पुणे विमानाने : अंतर ६०५ किमी, पण वेळ किती धरायचा?

वाकडवासी_महालकर

नमस्कार मंडळी.

आई नागपूरला महाल भागात राहते, मी पुण्यात वाकडला. आईचं वय ७१. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन घेते. आजवर विमानात बसलेली नाही. पुण्याला यायचं तर रेल्वेने नाहीतर ट्रॅव्हल्सने. गेल्या दिवाळीत ट्रॅव्हल्सवाल्याने खालची सीट कबूल करून ऐनवेळी वरची दिली. त्या लोखंडी शिडीवर आईचा पाय अडकला तेव्हाच मी ठरवलं, यापुढे विमान. २४ जानेवारीला, शनिवारी, माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे. त्याच दिवशीचं सकाळी ११.१० चं तिकीट काढलंय. कार्यक्रम संध्याकाळी सातला.

आता अडचण अशी की आई रोज फोनवर एकच विचारते : "घरून निघाले की तुझ्याकडे किती वाजता टेकेन, तेवढं सांग." आणि मला धड आकडा सांगता येत नाही.

नेटवर जेवढं शोधावं तेवढा गोंधळ वाढतो. एक साइट अंतर ६२० किमी सांगते, दुसरी ६०५. तिसरीवर नुसतंच ३२७ लिहिलंय. विमानाचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर कालच्या विमानाने ६६० किमीच्या वर कापलेले दिसतात. वेळेचंही तेच. अंतर सांगणारी साइट म्हणते १ तास १५ मिनिटं, तिकिटावर १ तास ३५, त्याच कंपनीच्या संध्याकाळच्या विमानाला १ तास ४०. ऑफिसातला एक जण छातीठोकपणे म्हणतो की पन्नास मिनिटांत पोचतं.

विमान तेच, गावं तीच, मग एवढा फरक का? आणि शुगर असलेल्या बाईसाठी यातला कुठला आकडा धरून चालायचं?

हिंजवडी_एक्सप्रेस

फारच विचार करताय राव. सव्वा तास. वेब चेक-इन करा, तासभर आधी पोचा, विषय संपला. मी पाठीवर एक सॅक टाकून जातो, घर ते घर तीन तास.

सोनेगावकर

वरच्या चिरंजीवांचं घर लोहगाव विमानतळाच्या भिंतीला लागून असावं. आणि गुडघे पंचविशीतले.

महालकर, तुम्हाला जरा ऐसपैस उत्तर देतो, कारण माझा जन्म यातच गेला. १९७६ ते २०१३ मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर नोकरी केली. आधी नागरी विमान वाहतूक खातं, १९८६ पासून विमानतळ प्राधिकरण. मी वैमानिक नाही, कंट्रोलरही नाही. विमानांना दिशा आणि अंतर सांगणारी यंत्रं जमिनीवर असतात, ती बंद पडू न देणं हे माझं काम. आता मुलगी पुण्यात खराडीला आहे, त्यामुळे वर्षातून चार-पाचदा याच विमानाने येणं-जाणं होतं. सवय जात नाही, म्हणून प्रत्येक खेपेच्या वेळा डायरीत टिपतो. बायको म्हणते, पगार बंद झाला तरी ड्यूटी सुरूच.

आधी अंतर. तुम्हाला दिसलेले आकडे जवळजवळ सगळे बरोबर आहेत. ६२० हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत. नागपूरकराचं अंतर झिरो माइलपासून सुरू होतं, हे ठीकच आहे, पण विमान तिथून उडत नाही. सोनेगाव शहराच्या नैऋत्येला, म्हणजे पुण्याच्याच अंगाला. लोहगाव पुण्याच्या ईशान्येला, म्हणजे नागपूरच्या अंगाला. दोन्हीकडून थोडं थोडं कमी झालं की धावपट्टी ते धावपट्टी ६०५ उरतं. ३२७ म्हणजे तेच ६०५, फक्त सागरी मैलांत. एक सागरी मैल १.८५२ किमी. विमानातला सगळा कारभार त्याच मापात चालतो. साध्या मैलांत विचाराल तर ३७६. आणि अ‍ॅपवरचे ६६० म्हणजे विमान प्रत्यक्षात जिथून गेलं ते सगळं : उडाल्यावरचं वळण, ठरलेली वाट, उतरण्याआधीचा फेरा.

जाता जाता एक गंमत. अंतर सांगणारं जे यंत्र मी सांभाळायचो, त्याला डीएमई म्हणतात. विमान प्रश्न विचारतं, जमिनीवरचं यंत्र उत्तर देतं, आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढलं जातं. पण हे अंतर तिरकं असतं, जमिनीवरचं नसतं. म्हणून ३४ हजार फुटांवरचं विमान बरोबर आमच्या डोक्यावर आलं तरी वैमानिकाच्या पुढ्यात शून्य येत नसे, साडेपाच सागरी मैलांच्या आसपास दिसे. नवीन लागलेली पोरं घाबरून विचारायची, साहेब, यंत्र बिघडलं का? मी म्हणायचो, विमान साडेपाच मैलांवरच आहे. फक्त वर आहे.

आता वेळ. ६०५ ला ताशी ८३० ने भागलं की ४४ मिनिटं येतात. तुमच्या ऑफिसातल्या मित्राची पन्नास मिनिटं अशीच कुठूनतरी आली असणार. पण विमान धावपट्टी सोडताच ८३० ने पळत नाही. ३४ हजार फुटांवर चढायला त्याला दोनशेएक किलोमीटर लागतात, उतरायला जवळजवळ तेवढेच. म्हणजे ६०५ पैकी सपाटीचा, खऱ्या वेगाचा पट्टा जेमतेम दोनशे किलोमीटरचा. चहावाली ताई ट्रॉली घेऊन निघते न निघते तोच "उतरण्याची तयारी" अशी घोषणा होते, ती यामुळेच. अंतराच्या साइटी सरासरी वेग धरून भागाकार करतात आणि वर अर्धा तास टाकतात. तो तुमचा सव्वा तास.

तिकिटावरची वेळ वेगळीच असते. विमान जागेवरून हललं तिथपासून पुण्यात जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत ती मोजतात. ब्लॉक टाइम म्हणतात तिला. चाकांपुढचे ठोकळे काढले, चाकांपुढे ठोकळे लावले, यांच्यामधला वेळ. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथली रांग, उतरल्यावर पुन्हा रांगणं, सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवतात, कारण ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते "वेळेवर" धरलं जातं. उशिरा सुटलेलं विमान वेळेवर कसं पोचतं, याचं कोडं पडत असेल तर उत्तर या राखीव मिनिटांत आहे. संध्याकाळी गर्दी जास्त, म्हणून संध्याकाळच्या तिकिटावर पाच मिनिटं जास्त.

माझ्या डायरीतली १४ डिसेंबरची नोंद देतो. सुटायची वेळ ७.००, पोचायची ८.३५. मागे ढकललं ७.०२. चाकं सुटली ७.१३. चाकं टेकली ८.१७. उभं राहिलं ८.२५. पट्ट्यावर बॅग ८.४३. टॅक्सीत बसलो ८.५८. खराडीला मुलीच्या सोसायटीच्या गेटवर ९.२४. हवेत ६४ मिनिटं, आणि कंपनीच्या हिशेबाने दहा मिनिटं लवकर.

त्याच खेपेला परतताना हवेत ५४ मिनिटंच लागली. घाई वैमानिकाची नव्हती, वाऱ्याची होती. हिवाळ्यात आपल्याकडे त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. पुण्याला जाताना तो तोंडावर येतो, नागपूरला येताना पाठीवर. पावसाळ्यात वरचा वारा पूर्वेकडून फिरतो, मग हिशेब उलटा. जमिनीवरचा वाराही आपली मिनिटं वसूल करतो. पुण्यात वारा पश्चिमेचा असेल तर विमान वाघोलीच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूने सरळ येऊन टेकतं, नागपूरहून येणाऱ्याला ते सोयीचं. वारा पूर्वेचा असेल तर शहराला वळसा घालून पश्चिमेकडून यावं लागतं.

कॅप्टन उंची सांगतो तेव्हा कान द्या. पुण्याला जाताना हजारांचा आकडा सम असतो, ३४ हजार, ३६ हजार. नागपूरला येताना विषम, ३३ नाहीतर ३५. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम, म्हणजे समोरासमोर येणारी विमानं एकाच मजल्यावर येत नाहीत. माझी नात आता माझ्या आधी ओरडून आकडा सांगते.

बरं, आईंचा आकडा. घरून ८.४५. महालातून सोनेगाव शनिवारी सकाळी अर्धा तास. तिथे ९.१५. विमान हलणार ११.१०, पुण्यात उभं राहणार १२.४० च्या आसपास. उतरणं, बॅग, गाडी धरून १.२०. पुढे तुमचं वाकड, शनिवारची दुपार, एक तास दहा मिनिटं. अडीच. म्हणजे पावणेसहा तास. आईंना तेवढंच सांगा, बाकी आकडे आपल्या दोघांत.

खिडकीची सीट घेता आली तर उजवी घ्या, एफ. नकाशावर सरळ रेघ ओढलीत तर ती वाशिमच्या डोक्यावरून जाते. लोणार उजव्या हाताला राहतं, पुढे पैठणचं धरणही त्याच बाजूला.

अजनीवाला

काहून एवढं डोकं लावून राहिले भाऊ? वंदे भारतनं पाठवा ना माय ले. सकाळी ९.५० ले नागपूरच्या अजनीवरून सुटते, रात्री ९.५० ले पुणं. बारा तास म्हणजे बारा तास. दोन तास आधी पोचायची कटकट नाही, पट्टा बांधायची नाही, कुर्डईचा डबा कोणी उघडून पाहत नाही. मी ऑगस्टमध्ये, सुरू झाली त्याच महिन्यात, जाऊन आलो.

वाकडवासी_महालकर

अजनीवाले दादा, गाडी चांगलीच आहे, पण बारा तास खुर्चीत बसून आईचा गुडघा आखडेल. शिवाय वाढदिवस सातला, गाडी पोचणार ९.५० ला. गंमत म्हणजे तीच दोन गावं रेल्वेने ८८१ किमी आहेत. भुसावळ, मनमाड करत वरून फेरा घालून खाली दौंडला उतरायचं.

सोनेगावकर काका, तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. ठोकळ्यांचा भाग दोनदा वाचायला लावला. एफ सीट घेतली, तीनशे रुपये जास्त गेले.

धायरीची_सून

काकांचे पावणेसहा तास धडधाकट माणसाचे आहेत. त्यात दोन गोष्टी जोडा, अनुभवाने सांगते. सासूबाई अमरावतीच्या, शुगर आहे, नागपूरहूनच विमानात बसतात.

पहिली गोष्ट व्हीलचेअर. आत्ताच कंपनीला कळवून ठेवा, तिथे जाऊन मागाल तर मिळेलच असं नाही. जाताना तिचा फायदाच होतो, सुरक्षा तपासणीची वेगळी रांग मिळते आणि आधी चढवतात. पण उतरताना सगळं विमान रिकामं झाल्यावर, सगळ्यात शेवटी. त्यामुळे तुमच्या दुपारच्या हिशेबात पंधरा मिनिटं वाढवा. आणि आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळे गेले आणि आपल्यालाच विसरले की काय, असं वाटून घाबरतात. आमच्या सासूबाई चक्क उठून चालायला लागल्या होत्या.

दुसरी गोष्ट इन्सुलिन. हे जरा मन लावून वाचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकिटावरची वेळ बघून हिशेब केला होता. विमान साडेबाराचं, एकला वर जेवण मिळेल, म्हणून सव्वाबाराला गेटपाशीच सासूबाईंनी इंजेक्शन घेतलं. आणि घोषणा झाली, विमान पाऊण तास उशिरा. मग दीड तास. मग अडीच. आम्ही बॅग चेक-इनला दिलेली आणि डबा त्या बॅगेत. मी फोनवर बोलत होते. वळून पाहिलं तर सासूबाई पर्सच्या चेनशी झटत होत्या. ती चेन त्या रोज उघडतात, त्या दिवशी बोटांना सापडत नव्हती. वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि एसी तर असा की मी शाल पांघरलेली. शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीने पार्ले-जी दिला, तो तीन बिस्किटांनंतर त्यांच्या पोटात असर करायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

तेव्हापासून आमचा नियम : जेवण मांडीवर उघडून ठेवल्याशिवाय सुई बाहेर काढायची नाही. घड्याळात काहीही वाजलेलं असो. डोसचं तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या, ते वेळ पुढेमागे करून देतात. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, विमानाच्या पोटातल्या सामानात गारठून वाया जाऊ शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. साखर, बिस्किटं, डबा सगळं हाताशी. पोळीभाजी न्यायला कोणी अडवत नाही. लोणच्याच्या तेलावरून मात्र वाद होतो.

आणि उशीर दोन तासांवर गेला तर खायला देणं कंपनीवर बंधनकारक आहे, एवढ्या अंतराच्या विमानाला तरी. आम्ही काउंटरवर जाऊन मागितलं तेव्हा मिळालं. न मागता नाही.

सोनेगावकर

ताई, अगदी बरोबर. मी व्हीलचेअर धरली नव्हती, चूक झाली. मी मिनिटं मोजत बसलो आणि माणूस राहून गेला.

भरपाईच्या नियमातही ब्लॉक टाइमच बघतात, म्हणून सांगून ठेवतो. वेळेत न कळवता, कंपनीच्याच कारणाने विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, शिवाय भरपाई. ब्लॉक टाइम तासाभरापर्यंत असेल तर कमाल पाच हजार, एक ते दोन तासांत साडेसात हजार, त्यापुढे दहा हजार. मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून यापेक्षा कमी होत असेल तर तेवढंच. तुमचं तिकीट १ तास ३५ चं, म्हणजे साडेसातच्या खणात. धुकं-वादळ असेल तर काही नाही.

हिंजवडी_एक्सप्रेस

काका, टोमणा पोचला. कबूल करतो, मी विमाननगरला राहतो.

पण खरंच विचारतो, पूर्वी या अंतराला किती वेळ लागायचा? तुम्ही बघितलं असेल.

सोनेगावकर

विमाननगर! म्हणजे माझा अंदाज भिंतीपासून फार लांब नव्हता.

पूर्वीचं विचारलंत, तर मी नोकरीला लागायच्याही आधीचं सांगतो. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही ठिकाणांहून संध्याकाळनंतर एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायचं. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि चारही विमानं उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. प्रवासीही असत.

नागपूरच का, ते अंतर बघितलं की कळतं. मुंबई साधारण ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५. त्या वेळचं डाकोटा ताशी पावणेतीनशेच्या आसपास उडायचं. म्हणजे मुंबईहून अडीच तास, कलकत्त्याहून साडेतीन. चौघांनाही एका रात्रीत जाऊन परत येता येईल असं गाव नकाशावर हेच.

आमचे वडील टपाल खात्यात. त्यांची रात्रपाळी असली की आई आम्हाला आवाजावरून वेळ सांगायची. पहिला घरघराट आला की, "झोपा आता, साडेअकरा झाले." चौथा येईपर्यंत मी जागा राहायचा प्रयत्न करायचो, तो कधी जमला नाही. सकाळी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला तागाच्या थैलीचा आणि लाखेचा वास असायचा. १९७३ मध्ये ती सेवा बंद झाली. मोठी जेट विमानं आली, मुंबईहून सरळ कलकत्त्याला जाऊ लागली, मध्ये थांबायची गरज उरली नाही. मी तीन वर्षांनी नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक मध्यरात्री अजूनही घड्याळाकडे बघायचे.

तर हिंजवडीकर, डाकोटाने नागपूर–पुणे सव्वादोन तास लागले असते. म्हणजे विमाननगर ते हिंजवडी, पावसाळ्यातल्या सोमवारी.

वाकडवासी_महालकर

मंडळी, आई पोचली. वाढदिवस झाला. उशिरा लिहितोय, पण पूर्ण लिहितो.

आईने बोर्डिंग पासच्या मागे पेनने वेळा टिपून आणल्या. काकांचं उत्तर वाचून दाखवल्याचा हा परिणाम. जशाच्या तशा देतो.

घर ८.४०. विमानतळ ९.०५. पोळी, मेथीची भाजी आणि सुई १०.२०. (सगळ्या पोळ्या उघड्या करून मग इंजेक्शन, धायरीच्या ताईंचा नियम पाळला. डॉक्टरांनी सकाळचा डोस पुढे सरकवून दिला होता.) विमान हललं ११.२८. उडालं ११.३८. चहा आला, प्यायला वेळ नाही. १२.१७ खूप पाणी. टेकलं १२.४१. थांबलं १२.४९.

बघा काका, अठरा मिनिटं उशिरा सुटलं आणि तिकिटावरच्या वेळेपेक्षा चारच मिनिटं उशिरा पोचलं. स्क्रीनवर चक्क "वेळेवर" असं झळकत होतं. मी तुमची पोस्ट वाचली नसती तर म्हटलं असतं, वैमानिकाने दामटलं.

व्हीलचेअरवरून आई बाहेर आली १.०६ ला. ढकलणाऱ्या पोराशी तिची ओळख झालेली, तो यवतमाळच्या दारव्ह्याचा निघाला. बॅग घेऊन एरोमॉलला गाडीपर्यंत १.२५. आणि तिथून पुढे जे झालं ते सांगायला नको. विश्रांतवाडीपर्यंत ठीक होतं. औंधच्या पुलाआधी अर्धा तास आम्ही एका टेम्पोच्या मागे उभे, त्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या. आईने त्याही मोजल्या. दारात २.५०. म्हणजे सहा तास दहा मिनिटं. तुमच्या हिशेबापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त, सगळी जमिनीवरची.

लोणार काही दिसलं नाही, खाली धुरकट होतं. कॅप्टनने उंची सांगितली का विचारलं, तर म्हणाली इंग्रजीत भरभर बोलला, पण "थर्टी फोर" एवढं कळलं. गुडघा ठीक आहे. परतीचं तिकीट ८ फेब्रुवारीचं.

सोनेगावकर

११.३८ ला उड्डाण आणि १२.१७ ला पाणी. एकोणचाळीस मिनिटं. चढण धरून, तोंडावरचा वारा वजा करून साधारण ४३५ किलोमीटर होतात, आणि सोनेगावहून त्या रेघेवर पैठण तेवढ्यावरच येतं. नाथसागरच होता तो. आईंची नोंद मी माझ्या डायरीत उतरवून घेतलीय, त्यांच्या नावाने.

औंधचा पूल मात्र माझ्या कुठल्याच यंत्रात बसत नाही.

८ फेब्रुवारीला नागपूरकडे येताना धरण डाव्या बाजूला येईल. ए सीट घ्या. वारा पाठीशी असेल, चहा लगेच प्यायला सांगा.